विश्लेषण : अहमदाबादची ‘पोळ’ म्हणजे काय? भूकंपात तगलेली लाकडी घरे आता रिकामी का होत आहेत?

भारतातील पहिले जागतिक वारसा शहर म्हणून अहमदाबादच्या जुन्या शहराला युनेस्कोने २०१७ मध्ये मान्यता दिली. हा मान केवळ मशिदी, मंदिरे आणि दरवाजांना मिळालेला नाही. गल्लीबोळांत एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या हजारो खासगी लाकडी घरांचा त्यात मोठा वाटा आहे. ही घरे गाडीतून दिसत नाहीत, त्यासाठी पायीच जावे लागते. ती कशी बांधली, इतकी वर्षे कशी टिकली आणि आता त्यांना धोका कशाचा, याचा हा आढावा.

जुने अहमदाबाद नेमके कुठे?

मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलेला प्रवासी पहाटे ज्या स्थानकावर उतरतो, ते कालुपूर स्थानक जुन्या तटबंदीच्या अगदी बाहेर आहे. तिथून रिक्षा पकडून बहुतेक लोक नदीपलीकडच्या नव्या शहरात जातात. जुने शहर मात्र स्थानकासमोरच, कालुपूर दरवाजाच्या आत सुरू होते.

सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीच्या पूर्व काठावर हे शहर वसवले. पुढे महमूद बेगडाच्या काळात भोवती तट उभा राहिला. आज तट जवळपास नाहीसा झाला आहे, पण दरवाजे उरले आहेत आणि त्यांची नावे भागांना चिकटली आहेत. दिल्ली दरवाजा, दरियापूर, कालुपूर, सारंगपूर, रायपूर, आस्टोडिया, जमालपूर ही नावे शहर बसच्या पाट्यांवर रोज दिसतात. तटाच्या आतले क्षेत्रफळ सुमारे साडेपाच चौरस किलोमीटर. म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला रमतगमत गेले तरी तासाभरात पोहोचता येते. प्रत्यक्षात मात्र इतक्या लवकर कुणीच पोहोचत नाही, कारण वाटेत पोळ लागते.

पोळ म्हणजे काय?

मराठी वाचकाला पोळीची किंवा बैलपोळ्याची आठवण होईल, पण त्यांचा इथे संबंध नाही. पोळ म्हणजे एकच मुख्य दरवाजा असलेली बंदिस्त वस्ती. दरवाजातून आत एक अरुंद रस्ता जातो, त्याला दोन्ही बाजूंनी फाटे फुटतात आणि बहुतेक फाटे कुठल्यातरी घराशी जाऊन संपतात. पुण्याच्या पेठेतली आळी घ्या, तिच्या तोंडाशी वाड्यासारखा दिंडीदरवाजा बसवा आणि आतले बोळ पुढे बंद करा, की साधारण पोळ तयार होते.

पूर्वी एका पोळेत बहुधा एकाच जातीची, धर्माची किंवा व्यवसायाची कुटुंबे राहत. मुख्य दरवाजावर पहारेकऱ्याची खोली असे आणि रात्री दरवाजा बंद होई. आत एखादी विहीर, देऊळ किंवा देरासर, सूचना लिहिण्यासाठी काळा फळा आणि ‘चबुतरो’ असे. चबुतरो म्हणजे उंच खांबावरचे पाखरांना दाणे टाकण्याचे नक्षीदार घर. शहरातली झाडे तोडून घरे बांधली, त्याची भरपाई म्हणून पाखरांना हा निवारा, असे जुने रहिवासी सांगतात.

पोळेच्या आतली लहान उपवस्ती म्हणजे ‘खडकी’, तर पुढे वाट नसलेला कोपरा म्हणजे ‘खांचो’. ‘वांकानेरनी खडकी’ किंवा ‘कुवावाळो खांचो’ अशी पाटी दिसली की पुढे वाट असेल की नाही, हे नावावरूनच कळते. काही ठिकाणी मात्र बंद वाटणाऱ्या बोळाच्या टोकाला एक छोटे दार असते आणि ते थेट शेजारच्या पोळेत उघडते. संकटाच्या वेळी निसटण्यासाठी केलेल्या या चोरवाटा वारसा फेरीत आजही दाखवल्या जातात.

अशी बंदिस्त वस्ती का लागली?

याचे सर्वात सरळ उत्तर सुरक्षितता. अठराव्या शतकात मोगल सत्ता खिळखिळी झाली आणि अहमदाबाद हे श्रीमंत व्यापारी शहर सर्वांच्या डोळ्यांत भरले. या गोष्टीत मराठ्यांचाही मोठा भाग आहे. रघुनाथराव पेशवे आणि दमाजी गायकवाड यांनी १७५३ मध्ये शहर घेतले. मध्यंतरी ते खंभातच्या नवाबाकडे गेले आणि १७५८ मध्ये पुन्हा मराठ्यांकडे आले. त्यानंतर पेशवे आणि गायकवाड यांची शहरात वाटणी झाली. रायखड भागातली गायकवाडांची हवेली त्या काळाची खूण आहे. १८१७ मध्ये इंग्रजांचा अंमल सुरू झाला.

सत्ता बदलत असताना व्यापाऱ्याला दोन गोष्टी हव्या होत्या. घरात पैसा असल्याचे बाहेरून दिसू नये आणि गरज पडली तर गल्ली बंद करता यावी. पोळेमुळे दोन्ही साधले. म्हणूनच अनेक जैन देरासरे बाहेरून साध्या घरासारखी दिसतात आणि आत गेल्यावर कोरीव खांबांचा मंडप उघडतो. काही देरासरांमध्ये मूर्ती तळघरात आहेत.

घर आतून कसे असते?

वाड्यात वाढलेल्या माणसाला या घराची मांडणी ओळखीची वाटेल. रस्त्यालगत ‘ओटलो’ म्हणजे आपला ओटा. आत गेल्यावर प्रवेशाची खोली, मग उघडा चौक, त्याच्या कडेने पडवीसारखी ‘परसाळ’ आणि सर्वात आत ‘ओरडो’ म्हणजे आतली खोली. वर दोन-तीन मजले आणि शेवटी ‘अगाशी’ म्हणजे गच्ची.

फरक आहे तो रुंदीत. पुण्या-नाशिकचा मोठा वाडा ऐसपैस पसरतो. पोळेतले घर अरुंद आणि खोल असते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक असतात. त्यामुळे बाजूला खिडकी नाही. उजेड आणि वारा यांचा सगळा भार समोरच्या दर्शनी भागावर आणि मधल्या चौकावर येतो.

अहमदाबादचा उन्हाळा कडक. २० मे २०१६ रोजी शहरात ४८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा हवेत ही घरे तीन साध्या गोष्टींवर चालतात.

• अरुंद गल्ली : वरचे मजले रस्त्यावर थोडे पुढे आलेले असतात. त्यामुळे दिवसाचा बराच वेळ गल्लीत ऊन पोहोचत नाही आणि दर्शनी भिंत तापत नाही.

• उघडा चौक : रात्री थंड, जड हवा चौकात उतरून साठते. दिवसा गरम हवा हलकी होऊन चौकातून वर निघून जाते आणि सावलीतल्या गल्लीतली तुलनेने थंड हवा पुढच्या दारातून आत ओढली जाते.

• सामाईक भिंती : प्रत्येक घराच्या फक्त पुढच्या, मागच्या आणि वरच्या बाजूलाच ऊन लागते. बाकीच्या दोन बाजू शेजारी झाकतो.

यातली एक गोष्ट काढली तरी बाकीच्या दोन अपुऱ्या पडतात. चौकावर पत्रा टाकून खोली वाढवली, की खाली पंखा आणि मग एसी लागतो. पोळांमध्ये फिरताना असे पत्रे पावलोपावली दिसतात.

चौकाखाली पाणी : टांक्याचे गणित

या घरांचा सर्वात हुशार भाग डोळ्यांना दिसत नाही. चौकाच्या फरशीखाली ‘टांकुं’ म्हणजे पावसाच्या पाण्याचा बंद हौद असतो. वर फक्त एक झाकण दिसते. विहिरीचे पाणी वापरायला आणि टांक्याचे पिण्याला, अशी विभागणी असे.

काम साधे होते. पावसाळ्याआधी अगाशी स्वच्छ धुतली जाई. पहिल्या सरींचे पाणी टांक्यात न घेता बाहेर सोडले जाई, म्हणजे धूळ आणि पाखरांची घाण वाहून जाई. त्यानंतरचे पाणी नळीवाटे खाली उतरे. हौदाला आतून चुन्याचा गिलावा असे. आत उजेड शिरत नसल्याने शेवाळ धरत नसे. तळ स्वच्छ आहे का, हे बघायला आरशाने सूर्यप्रकाश आत पाडत.

आकडेमोड करून पाहिली तर यामागचा हिशेब कळतो. १०० चौरस मीटरची गच्ची आणि वर्षाला ७५० मिलिमीटर पाऊस धरला, तर गच्चीवर पडणारे पाणी होते ७५ हजार लिटर. त्यातले निम्मे वाया गेले असे मानले तरी ३७ हजार लिटर उरते. सहा माणसांच्या कुटुंबाला पिण्या-रांधण्यासाठी माणशी रोज ५ लिटर लागले, तर वर्षाची गरज सुमारे ११ हजार लिटर. म्हणजे एखादा पावसाळा कोरडा गेला तरी पिण्याची ददात नाही.

नळाचे पाणी आल्यावर अनेक टांकी विस्मरणात गेली. काही बुजवली, काहींवर फरशी आली. काही घरांत मात्र लोक अजूनही तेच पाणी पितात आणि पाहुण्याला कौतुकाने देतात.

२००१ च्या भूकंपात काय झाले?

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भूकंप झाला. केंद्र भूजजवळ, म्हणजे अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते. तरीही अहमदाबादेत सुमारे ७० बहुमजली काँक्रीट इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे दगावली. यातल्या बहुतेक इमारती नव्या भागांतल्या होत्या. जुन्या शहरात भिंतींना तडे गेले, काही भाग पडले, पण लाकडी सांगाड्याची बहुसंख्य घरे उभी राहिली.

हे कसे घडले? पडलेल्या अनेक इमारतींमध्ये तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्याने ते ताठ, तर खाली फक्त खांब. हादरा बसला की सगळी हालचाल त्या मोकळ्या मजल्यात एकवटते, खांब वाकतात आणि इमारत खाली बसते. त्यात काँक्रीटचा दर्जा आणि खाली नदीच्या गाळाची जमीन यांचीही भर पडली.

पोळेतल्या घराचे उलट आहे. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कडीपाट. ‘मदल’ म्हणजे कोरीव तिरके टेकू पुढे आलेला मजला तोलून धरतात. विटांच्या भिंतींमध्येही ठराविक अंतरावर आडवी लाकडे घातलेली असतात. जमीन हलली की लाकडाचे सांधे थोडे सरकतात, विटा एकमेकींवर घासतात आणि हादऱ्याची ऊर्जा त्या घर्षणात खर्च होते. भिंतीला तडा गेला तरी आडवे लाकूड तो वरपर्यंत जाऊ देत नाही. शिवाय ओळीतली घरे एकमेकांना आधार देतात.

मात्र यावरून ‘जुने ते सगळे भक्कम’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हे सगळे गुण लाकूड धडधाकट असेल तोवरच टिकतात. वाळवी लागली, छत गळून तुळईची टोके कुजली किंवा शेजारचे घर पाडून आधार काढला, तर हेच घर सर्वात आधी पडते. जुन्या शहरात दर पावसाळ्यात घरे कोसळल्याच्या बातम्या येतात, त्या याच कारणाने.

मग लोक घरे सोडून का जात आहेत?

याचे एक उत्तर नाही. अनेक कारणे एकावर एक साचली आहेत.

• दंगली : १९६९, १९८५ आणि २००२ च्या दंगलींत जुन्या शहराने मोठी किंमत मोजली. ज्यांना शक्य होते ती कुटुंबे नदीपलीकडे गेली. पुढे अशांत क्षेत्रांसाठीच्या १९९१ च्या कायद्यामुळे, ज्याला तिथे ‘अशांत धारो’ म्हणतात, अनेक भागांत घर विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

• भाडे : १ मे १९६० पर्यंत अहमदाबाद मुंबई राज्यात होते. त्यामुळे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा तिथेही लागू झाला. गिरगाव-दादरच्या चाळींत जे झाले तेच इथेही झाले. भाडे गोठले, मालकाने दुरुस्तीवरून हात काढला आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या घरावर खर्च करवेना.

• वाटण्या : एका घराचे चार पिढ्यांत आठ-दहा वारस होतात. कुणी सुरतेत, कुणी मुंबईत, कुणी परदेशात. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय ना विक्री, ना दुरुस्ती.

• गाडी : बहुतेक बोळांत दुचाकी जाते, चारचाकी नाही. आजारी माणसाला बाहेर काढायचे तर कधी खुर्चीत बसवून न्यावे लागते.

• गोदामे : बाजारपेठ जवळ असल्याने व्यापारी घरासाठी चांगला भाव देतात. तळमजल्यावर कापडाचे गठ्ठे येतात, मग आतल्या भिंती निघतात आणि शेवटी घर पाडून काँक्रीटचे गाळे उभे राहतात.

• नक्षीला भाव : कोरीव खांब, दरवाजे, मदल यांना जुन्या वस्तूंच्या बाजारात गिऱ्हाईक आहे. मोडकळीला आलेले घर उभे ठेवण्यापेक्षा त्याचे सुटे भाग विकणे काहींना परवडते.

एक घर गेले की त्याचा परिणाम शेजाऱ्यांवर होतो. सामाईक भिंत उघडी पडते, पाणी मुरते. रात्री गोदाम बंद झाल्यावर ओट्यावर कुणी बसलेले नसते. जिथे ओळखीच्या नजरा हाच पहारा होता, तिथे तो पहाराही जातो.

युनेस्कोच्या मान्यतेने काय बदलले?

जुलै २०१७ मध्ये पोलंडमधील क्राकोव येथे झालेल्या बैठकीत हा निर्णय झाला. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, जयपूरलाही मान्यता मिळाली. अहमदाबादची नोंद करतानाच समितीने काही कामे सांगितली. ऐतिहासिक इमारतींची, विशेषतः खासगी लाकडी घरांची, काटेकोर नोंद करणे हे त्यातले प्रमुख. पालिकेच्या यादीत अशा अडीच हजारांहून अधिक वास्तू आहेत. त्यांतली पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालची स्मारके जेमतेम काही डझन. बाकी बहुतेक कुणाची तरी राहती घरे.

इथेच खरी अडचण आहे. सरकारी स्मारकाला कुंपण घालता येते, रखवालदार नेमता येतो. खासगी घराचा मालक मात्र रोजचा हिशेब करतो. लाकडी घराच्या दुरुस्तीला सुतार लागतो तो जुन्या सांध्यांचे काम येणारा, साग लागतो तो चांगल्या प्रतीचा, आणि दोन्ही महाग.

त्यावर एक उपाय म्हणून पालिकेने टीडीआरचा मार्ग ठेवला आहे. मुंबईकरांना हा शब्द नवा नाही. वारसा यादीतल्या घराच्या मालकाला जागेवर जास्त मजले बांधता येत नाहीत. तो न वापरलेला बांधकामाचा हक्क त्याला शहराच्या दुसऱ्या भागातल्या बिल्डरला विकता येतो आणि त्या पैशातून घर दुरुस्त करावे, अशी कल्पना. कागदावर ती सरळ आहे. पण हक्क विकायला आधी मालकी निर्विवाद हवी, आणि वारसांच्या सह्यांचा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन उभा राहतो.

दुसरा मार्ग मालकांनी स्वतः शोधला आहे. काही हवेल्या दुरुस्त करून तिथे निवासाची सोय, उपाहारगृह किंवा कलादालन सुरू झाले. यामुळे घर वाचते, सुतारांना काम मिळते. प्रश्न प्रमाणाचा आहे. प्रत्येक घराचे हॉटेल झाले तर पोळेचा नुसता देखावा उरेल आणि पाहुणा ज्यांना बघायला आला ती माणसेच तिथे नसतील.

मान्यता कायमची नसते, हेही लक्षात घ्यायला हवे. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या एल्ब खोऱ्याचा दर्जा नव्या पुलामुळे २००९ मध्ये गेला. ब्रिटनमधील लिव्हरपूलचा दर्जा बंदर परिसरातील नव्या बांधकामांमुळे २०२१ मध्ये काढला गेला. अहमदाबादवर अशी वेळ आलेली नाही, पण ज्या घरांमुळे हा मान मिळाला ती एकेक करून नाहीशी झाली, तर नुसत्या दरवाजांवर तो किती दिवस टिकणार, हा प्रश्न उरतोच.

पायी फिरायचे तर मार्ग कोणता?

अहमदाबाद पालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी वारसा फेरी सुरू केली. सकाळी आठच्या सुमारास कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरातून निघून साधारण दोन-अडीच तासांनी जामा मशिदीशी ती संपते. वेळ आणि शुल्क बदलत असल्याने आधी चौकशी केलेली बरी. स्वतःचे स्वतः जायचे असेल तरी हाच क्रम सोयीचा पडतो.

स्वामीनारायण मंदिर : १८२२ मध्ये बांधलेले, संप्रदायाचे पहिले मंदिर. रंगवलेल्या सागवानी नक्षीसाठी जरा थांबावे. शेजारच्या हवेलीचे लाकूडकामही तितकेच पाहण्याजोगे.

कवी दलपतराम चौक : लांबेश्वरनी पोळेत एकोणिसाव्या शतकातले गुजराती कवी दलपतराम राहत. त्यांच्या घराचा फक्त दर्शनी भाग पुन्हा उभारला आहे. समोर कवींचा बसलेला पुतळा असून त्याच्या शेजारी बसून फोटो काढायची पद्धत आहे.

काळा रामजी मंदिर : हाजा पटेलनी पोळेतले हे काळ्या पाषाणातल्या रामाचे देऊळ. नाशिकच्या माणसाला नाव ऐकूनच आपलेपणा वाटेल. देऊळ घरातच आहे, चौकातून आत जावे लागते. याच पोळेत शांतिनाथाचे कोरीव लाकडी देरासर आहे.

हरकुंवर शेठाणीची हवेली : दिल्ली दरवाजाबाहेरचे प्रसिद्ध हठीसिंग जैन मंदिर पतीच्या निधनानंतर १८४८ मध्ये पुरे करणाऱ्या या बाई. त्यांच्या हवेलीचे लांबलचक मदल रस्त्यावरूनच दिसतात.

मुहूर्त पोळ आणि माणेक चौक : मुहूर्त पोळ ही शहरातली पहिली पोळ मानली जाते. तिथून काही पावलांवर माणेक चौक. सकाळी गाईंना चारा, दिवसा सराफी, रात्री खाण्याच्या गाड्या, असा हा चौक दिवसातून तीनदा रूप बदलतो. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबाद शेअर बाजाराची जुनी इमारतही इथेच.

जामा मशीद : १४२४ मध्ये पूर्ण झालेली, २६० खांबांची. हिचे मिनार १८१९ च्या कच्छ भूकंपात पडले. त्याच कच्छच्या २००१ मधल्या भूकंपाची आठवण इथे हमखास निघते.

वारसा फेरी इथे संपत असली तरी मराठी माणसाने आणखी पाच मिनिटे चालून तीन दरवाजापर्यंत जावे. अहमदशहाच्या काळातल्या या तीन कमानींवर १८१२ चा देवनागरी शिलालेख आहे. मराठ्यांचे सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी तो लावला. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला तिचा वाटा विनातक्रार द्यावा, न दिल्यास हिंदूला महादेवापुढे आणि मुसलमानाला अल्लापुढे जाब द्यावा लागेल, असा त्याचा आशय. आज त्याच्या भोवती कपड्यांचे आणि चपलांचे ठेले असतात, त्यामुळे शोधावा लागतो.

जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळ्यात जायचे तर सकाळी दहाच्या आत फेरी संपवावी.

• मेट्रोची कालुपूर आणि घीकांटा ही भूमिगत स्थानके जुन्या शहराच्या जवळ आहेत. चारचाकी आणू नये.

• मंदिर, देरासर आणि मशीद तिन्हींत जायचे असल्याने अंगभर कपडे आणि पटकन काढता येतील अशा चपला असाव्यात. देरासरांमध्ये कातडी वस्तू आणि आत फोटो काढणे बहुधा चालत नाही.

• १४ जानेवारीच्या उत्तरायणाला नदीपलीकडे गेलेली कुटुंबे पतंग उडवायला आपापल्या पोळेत परततात आणि गच्च्या माणसांनी भरतात. हल्ली या दिवसासाठी गच्च्या भाड्यानेही मिळतात. दाटी होते, पण भरलेली पोळ बघायची तर हाच दिवस.

• ओटा रस्त्याला लागून असला तरी तो घराचा भाग आहे. बसण्याआधी, दारातून डोकावण्याआधी आणि फोटो काढण्याआधी विचारावे. ‘केम छो’ म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी आत बोलावतात. एखादी आजी चौकातले झाकण उचलून टांकेही दाखवते.